ठसका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

जेवताना कुणाला ठसका लागला की आपल्याकडे एकजण म्हणतो, 'कुणीतरी आठवण काढली वाटतं.' दुसरा टाळूवर थापट्या मारत म्हणतो, 'वर बघ, वर बघ.' तिसरा पाण्याचा पेला पुढं करतो. श्रोतेहो, सोलापूरच्या आमच्या घरात ही तिन्ही कामं मीच करत होतो, आणि तिन्ही चुकत होतो.

ठसका लागायचा माझ्या आईला. आम्ही तिला अम्मा म्हणतो. २०२२ च्या उन्हाळ्यात तो कधीमधी लागायचा, पुढच्या वर्षी रोज लागू लागला. दस्तरखान पसरलं, अम्माला ठसका लागला, की आम्ही आठवण काढणाऱ्यांची नावं घ्यायला लागायचो. हैदराबादची खाला असेल, पुण्याचा नातू असेल. अम्माही डोळे पुसत हसायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची रोज इतक्या जणांना आठवण येते याचं आम्हांला कौतुकच वाटायचं.

बाकीच्या खुणाही समोर होत्या. वीस मिनिटांत उरकणारं तिचं जेवण तासभर चालू लागलं होतं. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी म्हणजे तिचा जीव की प्राण, ती तिनं आपणहून बाजूला सारली. घास गालात राहायचा. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पहाटे ती कुरआन वाचते, त्या वाचनात एरवी एकेक अक्षर त्याच्या जागेवरून उमटायचं. आता पाणी पिऊन बसली की आवाज ओला यायचा, गळ्यात काहीतरी साचल्यासारखा. मी अक्षरांवर जगणारा माणूस. तो आवाज मला ऐकू येत होता आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

मग ती आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. 'तुम खाओ, मैं बाद में खाती,' म्हणायची. चारचौघांत खोकत बसण्याची तिला शरम वाटत होती हे आम्हांला फार उशिरा कळलं. त्याहून वाईट म्हणजे ती पाणी पिईनाशी झाली. सोलापूरचा मे महिना तुम्हांला माहीत आहे. त्या उन्हात ही बाई दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी प्यायची. मी रागवायचो. एकदा ओरडलोच, तेव्हा हळूच म्हणाली, 'डर लगता रे मेरेकू पानी का.' पाण्याची भीती! मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. 'वय झालंय, चालायचंच,' असं म्हणून ते खोकल्याचं औषध देत. वर्षभर दिलं. डिसेंबर २०२३ मध्ये अम्माला ताप भरला, धाप लागली, आणि न्यूमोनिया म्हणून आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारलं, 'यांना जेवताना ठसका लागतो का?' इतका साधा प्रश्न. त्यांनी आम्हांला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं.

मला वाटलं, काहीतरी घोटाळा झाला. स्पीच थेरपी म्हणजे बोबडं बोलणाऱ्या मुलांसाठी, नाहीतर अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेल्यांसाठी. अम्मा तर चांगली घडाघडा बोलते. पण ज्या जीभ-ओठ-गळ्यानं आपण बोलतो त्यांनीच गिळतो, म्हणून गिळण्याचे विकारही हेच लोक पाहतात. ही विद्या तशी नवी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांचं गिळण्याच्या विकारांवरचं पुस्तक १९८३ साली आलं, आणि पुढं जगभरच्या थेरपिस्टांनी ते वापरलं. आपल्याकडे म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या विषयातले तज्ज्ञ घडवतात. अली यावर जंग म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे एके काळचे राज्यपाल.

त्या थेरपिस्ट मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शाळेत आपण वर्णमाला शिकलो. क वर्ग कंठ्य, च तालव्य, ट मूर्धन्य, त दंत्य, प ओष्ठ्य. म्हणजे वर्णमाला गळ्यापासून निघते आणि ओठांवर येऊन थांबते. घास हाच रस्ता उलटा चालतो. ओठ मिटतात, दात चावतात, जीभ घासाची गोळी करून टाळूला दाबत मागं ढकलते आणि 'क' जिथून उमटतो तिथं तो येऊन पोचतो. इथून पुढं आपल्या हातात फारसं काही नसतं. घशातली एक वाट अन्नाची, एक वाऱ्याची, आणि दोन्हींची तोंडं शेजारी शेजारी. त्या क्षणी श्वास थांबतो, कंठमणी वर आणि पुढं उचलला जातो, वाऱ्याच्या नळीवर झाकण पडतं, स्वरयंत्राच्या पट्ट्या मिटतात आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला गोल स्नायू सैल होऊन उघडतो. घास आत. हे सगळं साधारण एका सेकंदात. त्यासाठी स्नायूंच्या पंचवीसहून अधिक जोड्या राबतात, आणि दिवसभरात लाळ गिळण्यासकट आपण हे शेकडो वेळा करतो. मी पन्नाशी ओलांडली तरी एकदाही त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

म्हातारपणी दंडाचे आणि मांड्यांचे स्नायू उतरतात तसे हेही उतरतात. जिभेचा जोर कमी होतो, कंठमणी पुरता उचलला जात नाही, झाकण उशिरा पडतं. पाणी तर फार चपळ. घसा तयार होण्याआधीच ते घसरतं आणि वाऱ्याच्या वाटेला लागतं. ठसका म्हणजे शरीरानं ते बाहेर फेकण्यासाठी केलेली धडपड. तो लागतो तोवर बरं. काही म्हाताऱ्यांची ही राखण इतकी मंदावते की पाणी फुप्फुसाकडं जातं आणि खोकलाही येत नाही. अधूनमधून येणारा बारीक ताप, वारंवार होणारा न्यूमोनिया, एवढंच काय ते कळतं.

आणि 'वर बघ'? डोकं मागं टाकलं की वाऱ्याची वाट आणखी मोकळी होते. ठसका लागलेल्या माणसाचं डोकं मागं करून मी तिच्या घशात पाणी ओतत होतो. मॅडम हे काही बोलल्या नाहीत. मीच विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, 'बहुतेक सगळ्या घरांत असंच करतात, काका.' तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. आजही होत नाही. खोकणाऱ्याला पुढं झुकू द्यावं, खोकू द्यावं, खोकला थांबेपर्यंत तोंडात काही घालू नये. मात्र माणसाला बोलता येत नसेल, खोकताही येत नसेल, तर ते वेगळं. घास अडकला असं समजून त्याला पुढं वाकवून पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच जोरदार थापा मारायच्या, नाही निघाला तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पोट आत आणि वर दाबायचं, आणि दवाखाना गाठायचा.

अम्माची तपासणी एक्स-रेच्या पडद्यासमोर झाली. बेरियम मिसळलेलं पाणी, पेज, मऊ भात असं एकेक चमचा तिनं गिळलं आणि आतला प्रवास पडद्यावर उमटला. अन्ननलिकेचं दार पुरतं उघडत नव्हतं. अर्धा घास खाली जायचा, उरलेला घशातल्या खळग्यांत साचून राहायचा आणि नंतर श्वासाबरोबर सांडायचा. आईच्या पोटातून जन्मलो, पण आईचा गळा आतून त्या दिवशी पाहिला.

त्यावर उपाय व्यायामाचा होता. मला ऐकूनच गंमत वाटली. गळ्याला कसला व्यायाम?

पहिला व्यायाम शेकर नावाचा. अम्माला वाटलं, मान हलवायची असणार. पण हे नाव माणसाचं आहे. अमेरिकेत मिलवॉकीला रझा शेकर नावाचे डॉक्टर आहेत. आमच्या कानाला ते शाकिर, म्हणजे शुक्र मानणारा. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांकडून एक साधा व्यायाम करून घेतला. उशी न घेता उताणं झोपायचं. खांदे टेकलेले ठेवून फक्त डोकं उचलायचं आणि आपल्याच पायांची बोटं पाहायची. १ मिनिट तसंच राहायचं, १ मिनिट विसावा, असं ३ वेळा. मग ३० वेळा डोकं उचलायचं आणि टेकायचं. दिवसातून ३ वेळा, ६ आठवडे. हनुवटीखालचे जे स्नायू कंठमणी उचलतात त्यांना यानं बळ येतं आणि अन्ननलिकेचं दार अधिक उघडतं, असं त्यांना दिसलं. पुढं २००२ साली नळीनं अन्न घ्यावं लागणाऱ्या रुग्णांवरही त्यांनी तो करून पाहिला आणि ती माणसं पुन्हा तोंडानं खाऊ लागली.

पहिल्या दिवशी अम्माला दहा सेकंद डोकं उचलवेना. वर म्हणाली, 'पाँव तो मैं खड़े खड़े बी देखती. इस के लिए सोने का कायकू?' चौथ्या दिवशी तिची मान धरली. मानेच्या मणक्यांचं जुनं दुखणं तिनं मॅडमपासून लपवून ठेवलं होतं. आपल्याला व्यायाम मिळणार नाही या भीतीनं! त्यासाठीच हे ठासून सांगतो, की माझं भाषण ऐकून उद्या सकाळी कुणी घरातल्या म्हाताऱ्याला उताणं झोपवू नये. मानेचा विकार, रक्तदाब, हृदयाचं दुखणं यांचा आधी विचार व्हावा लागतो. गिळताना श्वास रोखून धरण्याच्या काही युक्त्या आहेत, त्या हृदयविकार असलेल्यांना घातक ठरू शकतात. स्नायूंना थकवणारे काही आजार असे आहेत की व्यायामानं उलट हानी होते. कोणता व्यायाम कुणाला हे तपासणीनंतर ठरतं.

अम्मासाठी मग दुसरी वाट निघाली. २०१४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी बसल्या बसल्या करायचा एक प्रकार मांडला. साधारण १२ सेंटीमीटर व्यासाचा रबरी चेंडू हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये धरायचा आणि हनुवटीनं दाबायचा. हनुवटीखालचे तेच स्नायू कामाला लागतात, मानेवर भार कमी. चेंडू माझ्या धाकट्या नातवाचा घेतला. तो रोज संध्याकाळी दारात उभा राहून विचारायचा, 'दादीचं झालं का?' चेंडू नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालते, हे मॅडमनीच सांगितलं, आणि सोलापुरात टॉवेलला काय तोटा?

मोजायला अम्मानं तस्बीह घेतली. तीसदा दाबायचं होतं आणि मणी तेहतीस. 'तीन उधारी के,' म्हणायची. दिवसातून तीनदाचं वेळापत्रक तिनं फजर, जुहर आणि इशाच्या नमाजांना बांधून टाकलं. घड्याळ लावून मी आठवण करत होतो तेव्हा चुकायचं, नमाजला बांधल्यावर एकदाही चुकलं नाही. तुमच्या घरात ते देवपूजेला बांधा, चहाला बांधा, बातम्यांना बांधा.

जिभेचा व्यायाम मला सगळ्यांत आवडला. जीभ टाळूला टेकवून जमेल तितक्या जोरानं दाबायची, धरायची, सोडायची. किंवा जिभेपुढं चमचा आडवा धरायचा आणि जिभेनं तो ढकलायचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन रॉबिन्स यांनी ७० ते ८९ वयाच्या १० निरोगी माणसांकडून ८ आठवडे जिभेचा व्यायाम करून घेतला होता. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या वयातही जिभेची ताकद वाढली. एकोणनव्वदाव्या वर्षी जीभ बळकट होते, ही गोष्ट काही घरांत फारशी आवडणार नाही, पण ती खरी आहे.

आणखी एक, मासाको. जिभेचं टोक दातांमध्ये हलकेच धरायचं आणि तसंच लाळ गिळायची. जीभ बांधलेली, त्यामुळं घशाच्या मागच्या भिंतीला पुढं येऊन जास्त काम करावं लागतं. मासाको फुजिऊ या जपानी संशोधक बाईंच्या नावानं तो ओळखला जातो. त्यांनी आणि लोगमन यांनी १९९६ मध्ये त्यावर लिहिलं. हा फक्त रिकाम्या तोंडी करायचा. तोंडात घास किंवा पाणी असताना केला तर नको तिकडं जाण्याचीच भीती. याशिवाय, मोठी गोळी गिळतोय असं समजून सगळा जोर लावून लाळ गिळायची, दोन-तीनदा, विसाव्यानं.

मॅडम तिच्याकडून 'प-ट-क, प-ट-क' असंही भरभर म्हणवून घेत. ओठ, जीभ, गळा किती चपळ आहेत ते पाहण्यासाठी. पहिल्यांदा ऐकल्यावर अम्मानं गंभीरपणे विचारलं, 'किस कू पटकूँ, बेटी?' गिळण्याची ताकद बोलण्यानं येत नाही, ती गिळण्याच्या कसरतीनंच येते, असं मॅडमचं म्हणणं. पण त्या दिवशी अम्मा कित्येक महिन्यांनी मोकळी हसली.

सहा आठवडे व्यायाम चालू असताना जेवणही बदललं. ताठ बसायचं, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा. एका घासाला दोनदा गिळायचं. तोंडात घास असताना बोलायचं नाही, टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हनुवटी खाली घेणं तिला मानवतं हे पडद्यावर पाहूनच ठरलं होतं. सगळ्यांना ते मानवतंच असं नाही. पाणी आणि चहा पूड घालून दाट करायचा. ते तिला मुळीच आवडलं नाही, 'गोंद' म्हणायची. तिची तक्रार खोटी नव्हती. दाट पाणी नको म्हणून म्हातारी माणसं पाणीच कमी पितात आणि अंगातलं पाणी आटतं, असंही होतं. त्यामुळं किती दाट, किती दिवस, हे पुन्हा पुन्हा विचारत राहावं लागतं.

एक गोष्ट मला अगदी क्षुल्लक वाटली होती, ती म्हणजे दात घासणं. फुप्फुसात पाणी गेलं तर जातंच, पण त्याच्याबरोबर तोंडातले जंतू गेले की न्यूमोनियाला आमंत्रण. जपानमध्ये वृद्धांच्या ११ शुश्रूषागृहांत २ वर्षं एक प्रयोग झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. जिथं प्रत्येक जेवणानंतर वृद्धांचे दात काळजीवाहकांनी घासले तिथं न्यूमोनिया कमी झाला. ज्यांना दात उरले नव्हते त्यांनाही तोंडाच्या सफाईचा फायदा झाला. अम्माचा मिस्वाक होताच. कवळी मात्र रात्री काढून धुवायची आम्ही टाळाटाळ करत होतो.

२०२४ चा रमजान १२ मार्चला सुरू झाला. रोजे ठेवणं तिला शक्य नव्हतं, आम्ही फिद्या दिला. तिचा सगळा जीव होता तो ईदच्या शीरखुर्म्यात. मॅडमनी पदार्थाचं वर्णन ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पातळ दूध, त्यात लांब शेवया, त्यात पिस्त्याचे काप, चारोळ्या, खारकेचे तुकडे. दुबळ्या गळ्यासाठी याहून अवघड पदार्थ शोधून सापडणार नाही, कारण पातळ आणि घट्ट एकाच घासात येतं, आणि चावेपर्यंत पातळ पुढं पळतं. चहात बुडवलेली खारी किंवा दुधातले पोहे, यांचंही तेच. मग माझ्या बायकोनं दूध आटवलं, शेवया चुरून मऊ शिजवल्या, सुका मेवा भिजवून वाटला, खारकेची पेस्ट केली. ११ एप्रिलला ईद झाली. अम्मा दस्तरखानावर आमच्यात बसली, चमच्या चमच्यानं वाटीभर खाल्लं, एकदाही खोकली नाही. खाऊन झाल्यावर म्हणाली, 'अच्छा है. मगर ये खीर है.'

सगळं बरं झालं असं मी सांगणार नाही. दुसऱ्या तपासणीत घशात साचणं बरंच कमी दिसलं, वजन दोन किलोंनी वाढलं, पुन्हा न्यूमोनिया झाला नाही. शेंगांची चटणी मात्र परत आली नाही आणि पातळ पाणी आजही कधी कधी चुकतं. व्यायाम सोडला की पंधरा दिवसांत फरक जाणवतो. आणि प्रत्येकाचं कारण म्हातारपणच असतं असंही नाही. गिळणं अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो, तेव्हा एक क्षणही घालवू नये. कंपवात असतो. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांच्या घशात गाठ असू शकते. तोंड कोरडं पाडणारी औषधं असतात. घास छातीत अडकल्यासारखा वाटत असेल तर ते दुखणं अन्ननलिकेचं, त्याचे डॉक्टर वेगळे. गोळ्या गिळवत नाहीत म्हणून घरीच कुटून देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

ईदनंतर मे आला. मॅडमनी तिला एक सवलत दिली. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, दात घासून तोंड स्वच्छ केल्यावर, साधं पाणी, दाट न केलेलं, चमच्यानं, हनुवटी खाली घेऊन. तोंड स्वच्छ असेल तर त्यातलं थोडं चुकलं तरी धोका कमी, म्हणून. सवलत फक्त तिच्यापुरती, तिचा एक्स-रे पाहून. ती अजून चालू आहे. दुपारी साडेतीनला अम्मा मिस्वाक करते, चूळ भरते आणि माठाशेजारी खुर्चीवर ताठ बसते. मी चमचा भरतो. दहा चमचे ठरलेले आहेत. तस्बीह हातात असते, मोजणी तिची. रोज दहाव्या मण्यावर ती माझ्याकडं पाहते आणि म्हणते, 'नौ हुए.'